साहेब सेवेला हजर

साहेबांनी थंडोबाच्या आईला पाठुंगळी घेतलं आणि ते जिना उतरू लागले. इमारतीची लिफ्ट बंद होती, म्हातारीला धाप लागली होती आणि थंडोबाचे हातपाय गळाले होते.

"साहेब, मी घेतो ना," तो मागून म्हणत राहिला.

"तू पिशवी घे, दार लाव. गाडी खाली उभी आहे."

दवाखान्यातही साहेब म्हातारीच्या उशाशी बसून राहिले. डॉक्टरांनी विचारलं, "मुलगा का तुम्ही?" साहेब नुसते हसले. खरा मुलगा पायथ्याशी उभा होता, तो डोळे पुसत होता.

थंडोबा शीतगृहात अमोनियाची यंत्रं चालवायचा. काम थंडाव्याचं आणि स्वभावही तसाच, म्हणून हे नाव पडलं ते कायमचं. साहेब तिथे व्यवस्थापक म्हणून येऊन वर्षही झालं नव्हतं. आल्या आल्या त्यांनी आपली केबिन माल निवडणाऱ्या बायकांना विश्रांतीसाठी देऊन टाकली आणि स्वतः दाराजवळ एक साधी खुर्ची टाकली. जेवायला ते सगळ्यांच्या शेवटी बसत. एखादा हमाल आजारी पडला की झाडू स्वतः उचलत. "मी तुमच्या डोक्यावर बसायला आलेलो नाही, हाताखाली राबायला आलोय," असं म्हणत.

"बघू, नव्याचे नऊ दिवस," असं लोक आधी कुजबुजले. दहाव्या दिवशीही साहेब तसेच, शंभराव्या दिवशीही तसेच. मग लोक त्यांच्या शब्दावर उठू-बसू लागले.

थंडोबाच्या बायकोच्या मात्र ते गळी उतरेना.

"इतकं गोड मला सोसत नाही, अहो. माणूस म्हटला की कधी चिडतो, कधी चुकतो. हे कधीच कसे चिडत नाहीत?"

"तुझ्या दारात देव आला तरी तू ओळखपत्र मागशील!"

"मागेन. आणि फोटो जुळतो का तेही बघेन."

यंत्रघरात गॅसगळतीची घंटा होती. अलीकडे ती उगाचच ठणाणा करायची आणि थंडोबाचं डोकं उठायचं. एक दिवस साहेब स्वतः स्टुलावर चढले आणि त्यांनी तिची तार तोडली. "लोक दचकतात रे. नवी येईपर्यंत मी आहे ना लक्ष ठेवायला."

नवी घंटा आली नाही. साहेब मात्र रोज दुपारी यंत्रघरात येऊन बसू लागले. "घरी जाऊन नीट जेव. आईला बघून ये. यंत्र मी सांभाळतो."

अशाच एका दुपारी आईला औषध देऊन तो परतला, तर फाटकापाशीच त्याचे डोळे चुरचुरू लागले. झणझणीत वास नाकात शिरला. बायका तोंडाला पदर लावून बाहेर धावत होत्या. यंत्रघर रिकामं होतं. साहेब पार पलीकडे, झाडाखाली, कानाला फोन लावून उभे होते.

आतल्या खोलीत लंबू हमाल एकटा पोती रचत होता. त्याला बाहेर आणलं तेव्हा सगळं संपलं होतं.

साहेबांनी सगळ्यांना आवारात गोळा केलं.

"चूक माझी आहे. यंत्रावर मी होतो, घंटाही मीच तोडली. पोलिसांना मी हेच सांगणार." मग ते जरा थांबले. "मी गेलो की मालक इथे कुलूप लावतील. तुमच्या चुलींचं काय होईल, एवढीच..." त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला.

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मग एकेक मान वर आली आणि थंडोबाकडे वळली. कागदोपत्री यंत्र त्याच्याच नावावर होतं. बोलायची गरजच नव्हती.

घरी बायकोने त्याचा हात धरून ठेवला. "तुम्ही तिथे नव्हताच! माझ्यासमोर जेवत होतात!"

आई खाटेवरून म्हणाली, "त्यांनी मला खाली उतरवलं रे बाळा. ते ओझं तू डोक्यावर घेऊ नकोस."

"मग उपकार फेडायचे कधी?" थंडोबाने हात सोडवून घेतला.

पोलिसांपुढे तो ताठ उभा राहिला. "यंत्रावर मीच होतो. डोळा लागला. तारही मीच तोडली."

"नाही, हा खोटं बोलतोय," साहेब म्हणाले, पण इतक्या हळू की फौजदाराने विचारलं, "काय म्हणालात?" साहेबांनी 'काही नाही' अशी मान हलवली आणि ओंजळीत तोंड लपवलं.

तो पोलिसांच्या जीपमध्ये चढण्याआधी साहेबांनी त्याला मिठी मारली आणि कानात काहीतरी सांगितलं. थंडोबाच्या छातीवरचा दगडच उतरला. जीप वळेपर्यंत साहेब हात जोडून उभे होते.

त्याला शिक्षा झाली. तुरुंगात खुर्च्या वेताने विणायचं काम मिळालं. शिकवायला एक टक्कल पडलेला जुना कैदी होता, मुलखाचा अबोल. आठवडाभराने त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"काय केलंस?"

थंडोबाने सगळं सांगितलं. सांगताना त्याची मान उंच झाली. "मला पस्तावा नाही, दादा. असा माणूस लाखात एक. सगळ्यांच्या शेवटी जेवायचे. त्यांच्यासाठी मी पुन्हा आत येईन."

टकल्याचा हात वेतावर थबकला.

"जीपमध्ये बसवताना कानात काही बोलले?"

"बोलले ना. अजून आठवलं की अंगावर काटा येतो. म्हणाले, 'आत तू जातोयस...'"

"'...पण शिक्षा मी भोगतोय,'" टकल्याने वाक्य पुरं केलं.