न्हाणीघराचा अहवाल

वीजतंत्री जेनिवालने मेन स्विच बंद केला आणि मगच तपासणीचे कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले.

"कॉफी आधीच करून ठेवली ते बरं झालं," मार्लूसी म्हणाली. "भाडेकरू एक तारखेला येतायत. काय काय बदलायचं ते सांगा."

घर तिच्या आईचं, दोना झुल्मिरांचं. आईला सोमवारी वृद्धाश्रमात पोहोचवायचं, मग घर भाड्याने द्यायचं, त्यासाठी ही तपासणी.

"खोल्यांचं वायरिंग ठीक आहे. दोन प्लग सैल आहेत. पण न्हाणीघर वापरू नका." त्याने पान उलटलं. "पाणी तापवणाऱ्या विजेच्या शॉवरची हिरवी वायर कुणीतरी कापून वर चिकटपट्टी लावलीय. ती अर्थिंगची. ती नसली की वीज पाण्यातून नळात उतरते."

"बसवणारा म्हणाला, ती उगीचच असते. इथे गरान्युंस गावात सगळेच कापतात."

"कापतात ना. म्हणून तर माझं पोट भरतं."

मार्लूसी हसली. "पण मीही तिथेच आंघोळ करते. मला कधी काही झालं नाही."

"चपला घालून?"

"हो, रबरी. लहानपणापासून सवय आहे."

"आणि दोना झुल्मिरा?"

"आई अनवाणी. ओल्या चपलेत तिचा पाय सटकतो. मीच काढायला लावते. नळ घट्ट धर म्हणते."

जेनिवालने नळात उतरणाऱ्या विजेच्या मोजणीचा आकडा लिहिलेली ओळ तिच्यासमोर सरकवली. तिने ती वाचली आणि कप खाली ठेवला.

"शॉवर कधी बसवला?"

"मार्चमध्ये. इथली जूनची थंडी सुरू व्हायच्या आधी."

"त्या काही म्हणाल्या नाहीत?"

"पाणी चावतं म्हणायची. ओरडायची. मी दंडाला धरून आत न्यायचे, कधी शेजारणीला बोलवायचे. डॉक्टरांना मीच सांगितलं, हिचं डोकं ठिकाणावर नाही. म्हणून तर सोमवारी... पण विसरते ती, खरंच विसरते. काल मला मावशीच्या नावाने हाक मारली."

"विसरत असतील. हे नव्हत्या विसरल्या."

मार्लूसी उठली. "तिला तुम्हीच सांगा. माझ्याने नाही होणार."

दोना झुल्मिरा मागच्या दारात शेंगा सोलत बसल्या होत्या. जेनिवाल त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"दोना झुल्मिरा, मी न्हाणीघर तपासलं. तुमचं बरोबर होतं. पाणी चावत होतं."

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्यामागे उभ्या असलेल्या मुलीकडे.

"मला काय सांगतोस, बाळा? मला ठाऊक आहे. हिला सांग."

"त्यांना सांगितलं मी."

"तू सांगताना मी नाही ऐकलं," म्हातारी म्हणाली.

जेनिवालने मागे वळून पाहिलं. मार्लूसी पुढे आली आणि आईच्या पायाशी, लादीवर बसली.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली. "सगळं. मोठ्याने."

त्याने पहिलं पान काढलं, आणि सुरुवातीपासून वाचायला लागला.