हलायचं नाही

"आपला स्कोअर इतर सहभागींच्या तुलनेत कमी आहे. कृपया अधिक लक्ष द्या," रुचिरा मॅडम माइकमध्ये म्हणाल्या.

आणि एमआरआय मशीनच्या आत जगन खुदकन हसला.

काचेच्या अलीकडे मॅडमशेजारी बसलेल्या त्यांच्या मदतनीस निकेशला आधी वाटलं, भास झाला. चार महिने घराबाहेर न पडलेला, कोणाशी धड न बोललेला जगन हसतोय? तेवढ्यात स्पीकरमधून आवाजच आला, "काय रं निकेश, बाई बातम्या देते का?"

"हसतोय काय हा! डोकं हलतंय त्याचं," मॅडम वैतागल्या. "डोकं हललं की स्कॅन गेला. आणि पल्स बघ, बहात्तर. याला टेन्शन आलेलंच नाही."

टेन्शन आणायचं, हेच तर काम होतं. डिप्रेशनच्या पेशंटला टेन्शन आलं की मेंदूतला आठवणी सांभाळणारा भाग काय करतो, ते बघायचं. म्हणून आत स्क्रीनवर गणितं यायची. तीन बरोबर आली की कॉम्प्युटर गुपचूप वेळ कमी करायचा. चौथं चुकणारच. मग दोन राउंडच्या मधे बाहेरून टोमणे मारायचे. तेही कागदावर छापलेले, सगळ्यांना तेच. आणि शेवटी सांगून टाकायचं, की बाबा, हे सगळं खोटं होतं.

निकेशला यात काही वावगं वाटत नव्हतं. म्हणून तर त्याने ओवे गावातून, स्वतःच्या शेजारच्या घरातून जगनला पनवेलच्या या सेंटरला आणलं होतं. बाहेर बाकड्यावर जगनची आई, गुणाबाई बसली होती. तिला त्याने शब्द दिला होता, "काकी, जसा नेतो तसा आनून देतो."

"निकेश, तू बोल," मॅडमनी माइक त्याच्याकडे ढकलला. "माझं बोलणं याला लागतच नाहीये. तुमच्याकडे कसे ओरडतात, तसं बोल. पुढचा पेशंट सव्वाबाराला आहे."

निकेशने कागद समोर धरला.

"जगन, चौथीची गनिता हायत ही. चौथीची पोरा करतान."

"मंग त्यांना झोपव ना इथं."

पुन्हा हसू. पल्स पंच्याहत्तर. मॅडमनी कपाळावर हात मारला.

"सगल्यांचा जाला. तुझाच रायलाय. तुझ्यापायी सगली खोलंबलीत."

आता पल्स अठ्ठ्याऐंशी. मॅडमनी बोट गोल फिरवून खूण केली, चालू ठेव. कागदावरची वाक्यं संपली होती. निकेशचं तोंड मात्र थांबेना. आणि खोटं कशाला बोला, त्याला खरंच राग आला होता. चार महिने हा माणूस हाकेला ओ देत नव्हता. रोज संध्याकाळी निकेश त्याच्या खिडकीशी उभा राहायचा आणि परत फिरायचा.

"तुला कोनाची काय पडली हाय का रं? तुझी आय रोज उंबऱ्यात आडवी झोपते. कशाला? तू उठून जीव द्यायला जाशील म्हनून! ठाव तरी हाय का तुला?"

बोलून गेल्यावर त्याला कळलं, आपण काय बोललो. हे गुणाबाईने फक्त त्याला सांगितलं होतं. नळावर, आजूबाजूला कोणी नाही बघून. आणि वर म्हणाली होती, जगनला कलता कामा नाय.

एकशे अठरा.

"येस!" मॅडमनी लगेच पुढचा राउंड सुरू केला. मशीन ठकठक करायला लागलं.

"मॅडम, थांबवूया."

"का? बघ जरा. केसभर हलत नाहीये. इतका क्लीन डेटा या महिन्यात एकाचाही नाही."

"मॅडम, ते कागदावरचं नव्हतं."

"त्याच्या हातात रबरी बल्ब आहे ना? त्रास झाला तर दाबेल. सात मिनिटं राहिलीत."

निकेशने काचेतून पाहिलं. जगनचे पाय आणि एक हात तेवढा दिसत होता. मूठ उघडी होती. रबरी बल्ब तळव्यावर नुसता पडला होता. सात मिनिटं तसाच पडून राहिला.

मशीन थांबलं. टेबल बाहेर आलं. निकेशने आत जाऊन जगनच्या तोंडावरचा, डोकं धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा पिंजरा काढला आणि शेवटी वाचायचा कागद उघडला.

"जगन, मी बोललो ता सगला खोटा होता. गनिता कोनालाच जमत नायत. आमी सगल्यांना हेच बोलतो."

"सगल्यांना?"

"सगल्यांना."

जगन छताकडे बघत होता.

"सगल्यांच्या आया उंबऱ्यात झोपतान?"

कागदावर अजून चार ओळी होत्या. निकेशने कागद मिटला.

"आय मना बोलते, आत उकडतंय," जगन म्हणाला. "मी पन येडा. डिसेंबरात कोनाला उकडतंय?"

तो उठून बसला. निकेशने पुढे केलेला हात त्याने धरला नाही. स्वतःच उतरला, स्वतःच दार उघडलं.

बाहेर गुणाबाई धडपडत उभी राहिली. तोंडभर हसत होती. "हसलास ना रं मगाशी? मी ऐकला इथून. या बाजूच्या बाईला पन सांगितला, माझा पोर हसला म्हनून."

जगनने चपला घातल्या. मग तिच्याकडे वळला.

"आय, आजपासना तू आत झोप."

गुणाबाईचं हसू तसंच राहिलं. तिने जगनकडे पाहिलं नाही. निकेशकडे पाहिलं.