रोवणीची टोळी

वॉरंटी संपली अन् आठवडाभरात निर्मलाबाईचा महागडा टीव्ही आंधळा झाला. लाखांदूरच्या दुकानदारानं हात वर केले. "वॉरंटी संपली, मावशी. आता मी काय करू?"

"काही नको करू, भाऊ," म्हणत ती संध्याकाळची मालिका पाहायला त्याच्याच दुकानात येऊन बसली. सोबत एकमेकींच्या बांधीत आळीपाळीनं धान रोवणारी बायांची अख्खी टोळी, चिखलाच्या पायांसकट. रोज. शेवटी दुकानदार टेकीला आला अन् त्यानं टीव्ही फुकटात दुरुस्त करून दिला.

दुसऱ्या दिवशी टोळी पुन्हा दारात.

"आता काहून आल्या, मावशी?" तो रडकुंडीला आला.

निर्मलाबाईनं पदर खोचला.



"एकीची रोवणी झाली का टोळी दुसरीच्या बांधीत जाते, भाऊ. आज लीलाबाईनं तुह्याकडून नेलेल्या कुलरचा नंबर आहे."