सार्जंट पेल्हॅमची बावीस वर्षं

"हे दहा दिवस काढून टाका," मिस्टर क्लेग म्हणाले आणि त्यांनी पेन्सिलीनं त्या ओळीवर रेघ मारली.

जगन्नाथनं कागद आपल्याकडे ओढला. "नाही काढणार."

चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये खुर्च्या मांडणं चाललं होतं. १९८६ च्या नोव्हेंबरातला दुसरा रविवार. डेट्रॉइटच्या आसपास राहणारे ब्रिटिश पायदळाचे जुने सैनिक दर वर्षी या रविवारी इथे जमायचे. वर्षभरात जे गेले त्यांच्या फौजेतल्या नोकरीची हकिगत वाचून दाखवायची, मग उभं राहून दोन मिनिटं शांत राहायचं. क्लेग त्यांचे सेक्रेटरी होते.

ती हकिगत लिहून काढण्याचं काम अकरा वर्षं जगन्नाथच्या बायकोनं, सरलानं, केलं होतं. फुकट. डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावच्या लायब्ररीत ती कामाला होती. तिथे या लोकांनी चिठ्ठी लावली होती, कुणी चांगलं इंग्रजी लिहिणारं हवंय म्हणून. सरला गेलेल्या माणसाच्या घरी जायची, त्याची कागदपत्रं मागून घ्यायची, कुठल्या तारखेला कुठे होता ते विचारायची. मधला एखादा महिना सुटलेला तिला चालत नसे. म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, आमचे नवरे आमच्यापेक्षा हिलाच जास्त ठाऊक.

ऑगस्टमध्ये सरला गेली. सार्जंट आर्थर पेल्हॅमची चार पानं तिनं शेवटची लिहिली. चौथं पान हॉस्पिटलच्या पलंगावर बसून.

"हे बघा," क्लेग म्हणाले, "या वर्षी सात जण गेले. एकेकाला दोन मिनिटं."

"बावीस वर्षांना दोन मिनिटं?"

"बर्मा वाचा. गुडघ्यात गोळी लागली ते वाचा. लोकांना तेच ऐकायचं असतं. हे सप्टेंबर बेचाळीसचं काय आहे? ना लढाई, ना पदक. पोलिसांना मदत म्हणून दहा दिवस पाठवलं असेल. त्या गावाचं नाव मला उच्चारतासुद्धा येत नाही."

"मला येतं."

"आमच्या माणसांचं काय वाचायचं ते आम्हीच ठरवावं ना?"

"मग लिहायचं पण तुम्हीच होतं. अकरा वर्षं."

क्लेग लाल झाले. "तुमच्या मिसेसबद्दल आम्हाला आदर आहे. पण त्या आज असत्या तर त्यांनी समजून घेतलं असतं."

"ती आज असती," जगन्नाथ म्हणाला, "तर तुमच्या हातात पेन्सिल राहिली नसती."

मुलगी नंदा कोट सांभाळत मागे उभी होती. कॉलेजातून दोन दिवसांसाठी आली होती. तिनं त्याला बाजूला घेतलं.

"बाबा, प्लीज. लेट इट गो. एक लाइन तर आहे. आईनं माइंड केलं नसतं."

"केलं असतं."

"तुम्ही ना, तिच्यापेक्षा हट्टी झालाय. ती निदान हसून भांडायची."

"मला हसून भांडायला जमत नाही. तू बस जा."

"सीन करणार आहात का?"

"वाचणार आहे."

अकरा वाजता हॉल भरला. साठेक माणसं, कोटांवर पदकं, हातात काठ्या. पहिल्या रांगेत सार्जंटची बायको मिसेस पेल्हॅम बसली होती, पांढरे हातमोजे घालून. सहा जणांचं वाचून झालं. ते सगळे मिळून दहा मिनिटांत आटपले. मग जगन्नाथ उठला.

त्यानं पहिल्यापासून सुरू केलं. १९३८, वय अठरा, भरती. पहिला पगार आईला पाठवला. इजिप्त. तिथला कावीळ झालेला महिना. १९४२, बोटीनं मुंबई, तिथून देवळाली.

क्लेगनी घड्याळ दाखवलं. जगन्नाथनं पाहिलं आणि पान उलटलं.

"सप्टेंबर १९४२. दहा दिवस सातारा जिल्हा. मुक्काम मोरशेंडी. मोरशेंडी इथे जमाव पांगवला."

क्लेगनी माइक बंद केला. वीस वर्षं मोटारीच्या कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या प्रेसशेजारी काम केलेल्या माणसाला माइक लागत नाही. जगन्नाथनं तीच ओळ पुन्हा वाचली, गावाचं नाव सावकाश, मागच्या भिंतीपर्यंत पोचेल असं. मग बर्मा, गुडघ्यातली गोळी, मलाया, सुएझ, सायप्रस. एकही तारीख गाळली नाही. मधे एका म्हाताऱ्यानं "वाचू द्या त्याला" म्हणून काठी आपटली.

१९६०, निवृत्ती. जगन्नाथनं कागदांची घडी घातली. सगळे उभे राहिले. दोन मिनिटं कुणी खोकलंसुद्धा नाही.

कॉफी सुरू झाल्यावर मिसेस पेल्हॅम हळूहळू चालत त्याच्याकडे आली. तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"थँक यू. आर्थरचं इतकं सगळं कुणी सांगितलं नव्हतं."

"बायकोनं लिहिलं होतं. मी फक्त वाचलं."

"ती माझ्याकडे आली होती ना. तिला आर्थरचं फौजेतल्या नोंदींचं पुस्तक दिलं. त्या दहा दिवसांचं पान तिनं पुन्हा पुन्हा वाचलं. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, काही नाही, हेच शोधत होते." म्हातारीनं त्याचा हात सोडला. "बर्मातलं आर्थर रोज सांगायचा. पण त्या दहा दिवसांबद्दल चाळीस वर्षांत एक शब्द बोलला नाही. विचारलं की उठून बाहेर जायचा. त्या गावात होतं तरी कोण?"

"सरलाचे वडील," जगन्नाथ म्हणाला. "त्यांना गोळी लागली तेव्हा ती त्यांच्या खांद्यावर बसली होती."