शहराचा दर्जा

चौक शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद आणि भोवती घरं अवघी अडतीस. पोलिश बंडाची शिक्षा म्हणून रशियाच्या झारनं गावाचा शहराचा दर्जा काढून घेतला, त्याला दीडशे वर्षं झाली. तरी रेनाताची आई स्वतःला शहरातलीच समजे. म्हणून तर शेजारच्या खेड्यातल्या झेनोनला ती बारा वर्षं नाकारत आली होती. "खेडवळ जावई माझ्या दारात नको!"

आता सरकार दर्जा परत द्यायला तयार होतं. मतदानाला सभा भरली.

सरपंच रेनाताच्या आईला म्हणाले, "अध्यक्षबाई, शहर झालो तर तुमचं ग्रामीण महिला मंडळ बंद होईल हं."

आईचा हात तडक वर गेला. "शहर-बिहर काही नको! आपण खेडवळच बरे."

रेनाता शांतपणे उठली. "ऐकलंत ना सगळ्यांनी? आई, या उन्हाळ्यात मी झेनोनशी लग्न करणार."