मागची चाकं

प्रणितची रेसची गाडी तिसऱ्यांदा पनवेलच्या गॅरेजात परत आली, तेव्हा झकेरियाचं टाळकंच सटकलं. आधीच्या दोन्ही खेपांना त्याने कडेने दोरा ताणून, चाक सरळ धरणाऱ्या बारीक दांड्याचे आटे फिरवून मागची चाकं बिनचूक लावली होती. तरी ट्रॅकवर गाडी मागून घसरायची, आणि प्रणित रेसवाल्यांच्या ग्रुपवर झकेरियाची अब्रू काढायचा. त्या ग्रुपमधलं एकही गिऱ्हाईक आता गॅरेजकडे फिरकत नव्हतं.

“शेठ, माझ्या कामाला नावं ठेवू नका,” झकेरिया कडाडला. “तुम्हीच हायवेवर गाडी खड्ड्यांत आपटत असणार!”

“हायवेवर?” प्रणित उसळला. “अहो भाई, चाकं बिघडू नयेत म्हणून मी तिला ट्रॅकपर्यंत चालवतसुद्धा नाही. ट्रकवरून नेतो, तेही स्वतःच्या हाताने बांधून. थांबा, दाखवतोच!”

त्याने गाडी दारातल्या ट्रकवर चढवली.



मग पट्ट्याचा लोखंडी हूक मागच्या चाकाच्या त्याच बारीक दांड्यात अडकवला, पाय रोवून पट्टा जीव खाऊन आवळला आणि म्हणाला, “बघा! हलतेय का तसूभर तरी?”