अनुभवाचा रकाना

पानगळीचे दिवस, दक्षिण आफ्रिकेतल्या पोंडोलँडात गांजाची काढणी. नोफेझिलेच्या अंगणात गावच्या बायका मक्याची बिअर पीत पानं खुडत होत्या आणि सरकारच्या नावाने बोटं मोडत होत्या.

गांजाच्या शेतीला यंदा परवाने निघाले. नोफेझिलेने अर्जात 'अनुभव'च्या रकान्यात खरं ते लिहिलं: चाळीस वर्षं. अर्ज परत आला. वर शेरा होता, 'चाळीस वर्षांचा गुन्हा कबूल.'

परवाना मिळाला निवृत्त फौजदार म्बानाला. तो आज मिरवत अंगणात आला, तशी ती कडाडली, "मेल्या, तुला या झाडाचा शेंडाबुडखा तरी कळतो का? तू काय खरडलंस त्या रकान्यात?"

"तीस वर्षं, आजी. दर काढणीला तुझं शेत जाळायला मीच येत होतो ना!"